आमची वाटचाल: कोडच्या यादीपासून कॉलच्या साखळीपर्यंत

आमच्या फर्मचं काम म्हणजे कॉल सेंटरच्या डेटाबेसमधले आकडे वाचून देणं. सुरुवातीची कामं एकाच छापाची असायची: टेबल घ्या, 'कॉल टाइप'च्या रकान्यातल्या आकड्यांचे अर्थ लावून द्या. आम्ही आकड्यापुढे अर्थ लिहून यादी द्यायचो. यादी बरोबर असायची. तिच्यावरून काढलेला रिपोर्ट मात्र चुकायचा.

पहिला घोळ नावाचाच. सिस्कोच्या युनिफाइड कॉन्टॅक्ट सेंटर एंटरप्राइझ या कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉल टाइप' दोन. कॉलटाइपआयडी हे धंद्याचं लेबल: बिलिंग, तक्रार, नवीन जोडणी. ते ज्याचं त्याने ठरवलेलं, त्यामुळे तिथला 5012 दुसरीकडे काहीही असू शकतो. पेरिफेरलकॉलटाइप मात्र सिस्टीमने ठरवलेला: 1 म्हणजे एसीडीवर (एजंटांमध्ये कॉल वाटणाऱ्या यंत्रणेवर) आलेला कॉल, 2 म्हणजे आधी राउट होऊन, म्हणजे कुठे जायचं ते ठरवून आलेला, 4 ट्रान्सफर होऊन आलेला, 9 बाहेर लावलेला, 10 एजंटने आतल्या आत लावलेला. शिवाय कॉल कुठे पाठवायचा ते ठरवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये धंद्याचं लेबल मधेच बदलता येतं. मग तोच कॉल दोन्ही लेबलांखाली 'आलेला' म्हणून मोजला जातो, आणि लेबलांची बेरीज खऱ्या कॉलपेक्षा जास्त भरते. बेरीज फुगलेली दिसली की आम्ही आधी तिथेच बघतो.

नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, हेही लवकरच कळलं. 3 घ्या. पेरिफेरलकॉलटाइपमध्ये तो थेट एजंटकडे राउट केलेला कॉल. शेजारच्या कॉलडिस्पोझिशन रकान्यात, जो कॉल कसा संपला ते सांगतो, तोच 3 म्हणजे घंटी वाजत असताना ग्राहकाने ठेवलेला फोन. अव्हाया या दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीममधल्या कॉल रेकॉर्डमध्ये डिस्पोझिशन 3 म्हणजे सोडून दिलेला कॉल, मग घंटी वाजत होती की ग्राहक रांगेत होता, ते त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून आता यादीत प्रत्येक अर्थापुढे सिस्टीम आणि रकाना लिहिल्याशिवाय आम्ही ती हातावेगळी करत नाही.

खरा बदल झाला तो 'एक ओळ म्हणजे एक कॉल' हा समज सोडल्यावर. सिस्कोच्या टर्मिनेशन कॉल डिटेल या टेबलमधली ओळ म्हणजे कॉलचा एक तुकडा, लेग. ग्राहक आधी आयव्हीआरवर ('एक दाबा, दोन दाबा' सांगणाऱ्या यंत्रावर), मग पहिल्या एजंटकडे, त्याने दुसऱ्याला विचारून कॉल पुढे दिला, असं झालं तर एका फोनच्या चार-पाच ओळी पडतात. पहिल्या एजंटच्या ओळीवर टाइप 2 आणि डिस्पोझिशन 29, म्हणजे सांगून केलेला ट्रान्सफर. विचारपूस वेगळ्या ओळीत. शेवटच्या ओळीवर 13, म्हणजे हाताळून संपलेला कॉल. मधे कुठे 15 आला तर ती लेग इथे संपून कॉल दुसरीकडे वळवला गेला. तो ना यश, ना अपयश. नवशिका हमखास त्याला 'तुटलेला कॉल' समजतो.

एका कॉलच्या ओळींची साखळी जोडायला राउटरकॉलकीडे (दिवस) आणि राउटरकॉलकी (त्या दिवसातला कॉलचा क्रमांक) हे दोन्ही रकाने मिळून धरायचे, आणि सिक्वेन्स नंबरने क्रम लावायचा. फक्त राउटरकॉलकी धरली तर वेगवेगळ्या दिवसांचे अनोळखी कॉल एकमेकांना चिकटतात. ज्या ओळींत दिवसाच्या रकान्यात 0 आहे, ते राउटरमधून (कॉलची वाट ठरवणाऱ्या भागातून) न गेलेले कॉल, बरेचदा एजंटने स्वतः लावलेले. ते आधीच बाजूला काढावेत, नाहीतर साखळीत भेसळ होते.

तारखेचंही असंच. लेगची ओळ ती लेग संपल्यावर लिहिली जाते. 23:58 ला आलेला कॉल साडेबारापर्यंत चालला तर आयव्हीआरचा तुकडा आजच्या तारखेत, एजंटचा उद्याच्या. क्वेरीला तारखेची चाळण लावली की साखळी मधोमध कापली जाते. आम्ही दोन्ही बाजूंना काही तास जादा घेतो, साखळ्या जोडतो, आणि ज्या साखळीची पहिली ओळ हव्या त्या दिवसात बसत नाही ती शेवटी गाळतो.