मापवही कुलपात, माप संकेतस्थळावर: आमची वाटचाल

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या माडीवर आईने शिवणकाम सुरू केले तेव्हा दुकानाला पाटी नव्हती, पण मापवही होती. प्रत्येक पानावर वर आडनाव आणि गाव (येळ्ळूर, कडोली, खानापूर, नंदगड, चंदगड), खाली उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा असे आकडे आणि कोपऱ्यात टाचणीने लावलेला ब्लाउजच्या कापडाचा तुकडा. ही वही मशीनच्या खणात कुलूपबंद असे आणि किल्ली आईच्या कमरेला. माप घेताना ती आकडा कधी तोंडाने म्हणत नसे; टेप बोटाने तिथेच दाबून धरायची, वाकून वहीत लिहायची आणि मगच टेप सोडायची. एकदा सुनेबरोबर आलेल्या एका सासूबाईंनी सहज विचारले, "हिची कंबर किती भरली हो?" आई म्हणाली, "कापड पुरेल एवढी." त्या सूनबाई पुढे वीस वर्षे आमच्याकडेच ब्लाउज शिवत राहिल्या.

हे सांगण्याचे कारण असे की, आज आम्ही जे काही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाबद्दल शिकलो आहोत, त्यातला बराचसा भाग आईच्या त्या खणात आधीपासून होता आणि मधली काही वर्षे तो मी माझ्या हाताने घालवून बसले होते.

धंदा माझ्याकडे आला तेव्हा शिवलेल्या नऊवारीची मागणी वाढू लागली होती. ब्राह्मणी असो वा पेशवाई, काष्टा आणि निऱ्या शिवून तयार असल्या की नेसायला दोन मिनिटे पुरतात. मात्र कंबर आणि उंचीचे माप अर्ध्या इंचाने चुकले तरी ओचा नीट बसत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष येऊन माप द्यावे, असाच आमचा आग्रह होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हा आग्रह एका दिवसात निकालात निघाला. शिनोळीच्या नाक्यापलीकडे राहणारी, एरवी शनिवारी बाजाराला आली की माडी चढणारी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली गिऱ्हाइके एकाएकी परराज्यातली झाली. कागदावर ती आधीपासूनच परराज्यातली होती, पण आमच्या भागात ही गोष्ट पोलीस नाका लागेपर्यंत कोणी फारशी मनावर घेत नाही.

ओळखीच्या एका मुलाने आठवड्याभरात संकेतस्थळ उभे करून दिले. त्याने कोठूनतरी तयार मिळालेला अर्ज त्यात बसवला होता आणि त्यात अठरा रकाने होते: नाव, दोन फोन क्रमांक, ईमेल, पूर्ण पत्ता, जन्मतारीख, लग्नाची तारीख, नऊ मापे, छायाचित्र आणि 'आमच्याबद्दल कोठे कळले?'. जन्मतारीख कशाला, असे मी विचारले तेव्हा वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवता येतील, असे उत्तर मिळाले. आम्ही एकालाही कधी शुभेच्छा पाठवल्या नाहीत. जन्मतारखा मात्र साठत राहिल्या.

दुसऱ्याच लग्नसराईत फटका बसला. समाजमाध्यमांवर जाहिराती लावून देणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की, जुन्या गिऱ्हाइकांची यादी दिली तर त्यांच्यासारख्याच नव्या लोकांपर्यंत जाहिरात पोचवता येते. मी संकेतस्थळावरून संपूर्ण तक्ता उतरवून घेतला आणि काहीही न गाळता त्यांना ईमेलने पाठवून दिला. त्यात लग्नाच्या तारखेचा रकाना होता, मापांचेही रकाने होते. महिन्याभरात खानापूरच्या एका मुलीचा फोन आला. तिला मंडप, केटरिंग, मेकअप अशा अनेक ठिकाणांहून संदेश येत होते आणि त्यातल्या एका संदेशात तिच्या आडनावातल्या 'क'चा 'ख' झालेला होता. ती चूक आमच्या दुकानातल्या टंकनाची होती. तिने फोनवरून सांगितलेली मागणी आमच्याच मुलीने अर्जात भरली होती आणि जगात दुसरीकडे कोठेही ते आडनाव तसे लिहिलेले नव्हते. यादी नेमकी कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हे मला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही. पण ती पहिल्यांदा बाहेर गेली ती माझ्या हातून, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. मी तिला तसे सांगितले. तिने नऊवारी नेली. त्यानंतर ती आलेली नाही.

त्या रात्री आईला हे सांगितल्यावर तिने एवढेच विचारले, "आता त्या वहीच्या प्रती किती आहेत?" मला उत्तर देता येईना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मोजायला बसले. गिऱ्हाइकाने अर्ज भरला की पहिली प्रत संकेतस्थळाच्या विदागारात (डेटाबेसमध्ये) जात होती. दुसरी ईमेलने दुकानाच्या पत्त्यावर येत होती आणि त्या पत्त्याचा पासवर्ड काम सोडून गेलेल्या दोघींना अजून माहीत होता. तिसरी प्रत म्हणजे त्या ईमेलचा स्क्रीनशॉट, जो कारागिरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला जात होता आणि सहा जणींच्या फोनच्या गॅलरीत, मुलाबाळांच्या फोटोंशेजारी, आपोआप साठत होता. चौथी प्रत होस्टिंगवाल्याच्या बॅकअपमध्ये होती. आईच्या वहीतले एक पान आमच्याकडे चार ठिकाणी पसरले होते आणि कुलूप एकालाही नव्हते.

छायाचित्रांची गोष्ट तर मला अगदीच ठाऊक नव्हती. मागच्या गळ्याची नक्षी दाखवण्यासाठी बायका स्वतःचे किंवा जुन्या ब्लाउजचे छायाचित्र पाठवतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असेल तर छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दडलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवले तर ही नोंद गळून पडते, पण अर्जातून किंवा ईमेलने मूळ फाइल आली की ती जशीच्या तशी येते. म्हणजे पत्त्याचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या बाईचे घरसुद्धा आमच्याकडे नकळत आले होते. आता फाइल येताच ही नोंद पुसणारी सोय बसवून घेतली आहे.

अर्ज न भरता नुसते नक्षी पाहून जाणाऱ्यांचाही माग राहतो, हे पुढे कळले. कोणत्याही संकेतस्थळाच्या सर्व्हरवर भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता, वेळ, पाहिलेले पान आणि ब्राउझरचा प्रकार यांची नोंद होते. ती सुरक्षिततेसाठी लागते, त्यामुळे ठेवावीच लागते. पण आमच्या पानांवर त्याशिवाय नकाशा, व्हिडिओ, भेटींची मोजदाद करणारी सोय आणि त्या जाहिरातवाल्यांनी लावलेला अदृश्य पिक्सेल (कोणी काय पाहिले याची खबर जाहिरात कंपनीला देणारा बारीकसा ठिपका) असे चार पाहुणे होते, आणि प्रत्येक जण येणाऱ्याच्या ब्राउझरशी परस्पर बोलत होता. पिक्सेल काढला. नकाशाच्या जागी 'शहापूर, बँकेच्या समोरचा जिना, वर माडीवर' असे लिहिले. लोकांना त्यानेच लवकर सापडते. मोजदादीच्या कुकीज (येणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या खुणेच्या छोट्या फाइली) आता येणाऱ्याने होकार दिल्यावरच सुरू होतात. आकडे कमी दिसू लागले, पण शिलाई कमी झाली नाही.

कायद्याकडे आम्ही ठेच लागल्यावर वळलो, हे मान्य करायला हवे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. सुरक्षेत कुचराई झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा ऐकून आमच्या कारागीर बायका हसल्या, कारण त्यात अख्ख्या गल्लीच्या नऊवाऱ्या शिवून होतील. मला मात्र त्यातली दुसरी तरतूद जास्त टोचली: माहिती फुटली तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवावे लागेल, आणि मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल. मी तर खानापूरच्या मुलीला तिचा फोन आल्यावर सांगितले होते आणि यादीतल्या बाकीच्यांना सांगायला आणखी पंधरा दिवस घेतले होते.

या कायद्यातली एक गंमत आईला फार आवडली. तो डिजिटल स्वरूपात घेतलेल्या, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. म्हणजे तिची कुलपातली वही कायद्याच्या बाहेर आणि त्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो कायद्याच्या आत.

आता अर्जात नाव, एक फोन क्रमांक आणि पिन कोड एवढेच आहे. मापे आम्ही फोनवर विचारतो, टेप कसा धरायचा ते सांगत सांगत, आणि ती मागणीच्या क्रमांकाखाली उतरवतो. कारागिराच्या हाती जाणाऱ्या चिठ्ठीवर क्रमांक आणि मापे असतात, नाव नसते. पत्ता पाठवणीच्या वेळी घेतो. तो बिलाला लागतो, कारण माल चंदगडला किंवा चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणार असेल तर एकात्मिक जीएसटी लावावा लागतो. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपण्याची सक्ती असल्यामुळे बिले पुसता येत नाहीत, हे आम्ही गिऱ्हाइकांना माहिती घेताना दाखवायच्या सूचनेत स्पष्ट लिहिले आहे. कार्डाचा क्रमांक आमच्यापर्यंत येतच नाही; रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवून ठेवता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलींच्या नऊवाऱ्या शिवतो तेव्हा मागणी आईच्या किंवा वडिलांच्या नावानेच घेतो, कारण कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

सूचना लिहिताना आमच्या गावाचा नेहमीचा प्रश्न आला: कोणत्या भाषेत? कायदा म्हणतो की, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. त्यात मराठी आणि कन्नड या दोन्ही आहेत. बेळगावात या दोन भाषा एका पाटीवर आल्या की अक्षरांची उंचीसुद्धा टेपने मोजली जाते, म्हणून आम्ही दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी आणि सारख्याच आकारात ठेवले. आमच्याकडे पिको-फॉलचे काम करणाऱ्या बाईंनी कन्नड मजकूर वाचून दुरुस्त केला. संमतीच्या जड शब्दाऐवजी 'ओप्पिगे' आणि मापांसाठी 'अळते' हे त्यांनी सुचवले. 'माहिती'ला काय म्हणायचे, असे विचारले तर त्या म्हणाल्या, "माहितीच." दोन्ही भाषांत तो शब्द एकच आहे. आमच्या वकिलांनी दिलेला मूळ मसुदा चार पानांचा होता, या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून "हे वाचणार कोण?" असे विचारले आणि तो अर्ध्या पानावर आला.

आषाढात लग्ने थांबतात आणि मशीनी शांत होतात, तेव्हा आम्ही तीन दिवस पुसण्याच्या कामाला देतो. ज्यांनी 'माप जपून ठेवा' असे सांगितले आहे, त्यांची मापे राहतात. बाकीची विदागारातून, ईमेलमधून आणि फोनमधून जातात. व्हॉट्सअ‍ॅप गट बंद केला आहे, पण फोन तपासणे अवघड जाते, कारण फोन कारागिरांचे स्वतःचे आहेत आणि त्यांच्याही खासगी गोष्टी त्यात आहेत. त्यामुळे त्या स्वतःच गॅलरी उघडून माझ्यासमोर पुसतात आणि मी पडद्याकडे न पाहता समोर बसते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पार्सलच्या लेबलवर नाव, गाव आणि फोन क्रमांक ठळक छापल्याशिवाय कुरिअरवाले पार्सल घेत नाहीत आणि खेड्यात ते घरपोच न जाता बस थांब्याजवळच्या दुकानात दोन-दोन दिवस पडून असते. क्रमांक झाकता येत नाही. पूर्वी मात्र आम्ही त्याखाली 'शिवलेली नऊवारी, कंबर ३४' असेही लिहीत होतो, म्हणजे आमच्या पॅकिंगमध्ये घोटाळा होऊ नये. आता तेथे फक्त मागणीचा क्रमांक असतो.