पूर ओसरल्यावर गावच्या विहिरीचं काम

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराचं पाणी ओसरू लागलं, तसा धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात मदतीचा ओघ सुरू झाला. शेजारच्या गावांतून भाकरी, कडबा, कपडे भरून ट्रॉल्या येत होत्या. आमचं काम होतं गावच्या सार्वजनिक विहिरीचं. पुराचं पाणी तिच्या कठड्यावरून आत गेलं होतं. पाणी चहासारखं लालसर, वर काडीकचरा आणि एक मेलेली शेळी. टँकर दिवसाआड यायचा, त्यामुळे विहीर लवकर सुरू व्हावी म्हणून लोकांचा तगादा होता.

शेळी गळाने वर काढून वस्तीपासून लांब खड्ड्यात चुना टाकून पुरली. मग उपसा. वीज नव्हती, म्हणून एका शेतकऱ्याने आपलं डिझेल इंजिन दिलं. पाइप शंभर-दीडशे फूट लांब, उताराच्या बाजूला सोडला. जवळ सोडला तर तेच पाणी झिरपून परत आत येतं.

इथे घाई नडते. पूर येऊन गेला की आजूबाजूची जमीन पाण्याने गच्च असते. विहीर भरलेली असते तोवर आतलं पाणी कड्याला, म्हणजे विहिरीच्या गोल भिंतीला, तोलून धरतं. ते झपाट्याने खाली नेलं की बाहेरच्या पाण्याचा सगळा दाब दगडी बांधकामावर येतो आणि कडं आत ढासळतं. पाणी चारेक फूट उतरलं, तेवढ्यात काठावरच्या एका आजोबांनी हात वर केला, "सायेब, इंजिन थांबवा. कड्यातनं पाणी सुटायलंय." सांध्यांतून बारीक धारा येत होत्या, त्यांत माती होती. नुसतं स्वच्छ पाणी आलं तर थोडी वाट बघून चालतं. गढूळ धार म्हणजे मागची माती निघायला लागली. इंजिन लगेच बंद केलं. धारा निवळेपर्यंत थांबलो आणि पुढे फूटभर उपसा, मग विश्रांती, असंच चाललं. आजोबांची नजर आमच्यापेक्षा तयार होती, हे मनापासून सांगतो.

पाणी वीस-बावीस फुटांखाली गेलं की वरचं इंजिन ओढत नाही. मग इंजिनच आत उतरवायचं लोकांच्या मनात येतं. ते अजिबात करू नये. धूर विहिरीत साचतो आणि आतला माणूस बेशुद्ध पडतो. आम्ही जनरेटर वर ठेवून मडपंप सोडला. साधी सबमर्सिबल गाळाने अडकते. माणूस उतरवायच्या आधी आतली हवा तपासायला दिवा सोडून पाहिला, कमरेला चऱ्हाट बांधलं, वर चार जण धरून. पोरांनी यारीने, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनने, गाळ काढला, खराट्याने कडं घासलं.

तळाशी मीटरभर पाणी ठेवलं. विहिरीचा व्यास 6 मीटर, म्हणजे साधारण 28 हजार लिटर. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, ताजी असली तर तिच्यात क्लोरीन 33 टक्क्यांपर्यंत असतो, पण तो उडत जातो, म्हणून हिशेब 25 टक्क्यांचा धरला. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन हवा, तर 1000 लिटरला 200 ग्रॅम पावडर, एकूण साडेपाच किलोच्या वर. आठ मीटर पाणी असतं तर 45 किलो लागली असती आणि तीही गाळानेच खाऊन टाकली असती. ग्रामपंचायतीतली पोती भिजून पावडरचे गोळे झाले होते; ती बाजूला ठेवून नवी मागवली.

पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करायची, मग बादली भरून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची. वरचं निवळ पाणीच विहिरीत आणि कड्यावर ओतायचं. खालचा चुना टाकला तर पाणी जड होतं. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी उपसून टाकलं आणि नवं पाणी भरू दिलं. त्याला मात्र नेहमीचा डोस, 1000 लिटरला अडीच ग्रॅम पावडर.

तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, घेतली. नळीत फिकट पिवळा रंग लगेच दिसायला हवा; उशिरा आलेला धरत नाहीत. रंग आला, तरी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं की आठवडाभर पाणी उकळूनच प्यायचं. गावात शोषखड्डे तुडुंब होते आणि त्यांचा पाझर अजून चालूच होता. जलसुरक्षकाने, म्हणजे गावचं पाणी शुद्ध ठेवायचं काम बघणाऱ्या माणसाने, रोज सकाळी टेस्ट घेऊन आकडा फळ्यावर लिहायचा ठरलं. बायकांनी घागरी राखेने घासून घेतल्या. पुरात बुडालेले हातपंप अजून बाकी होते. त्यांनाही क्लोरीन द्यायचा होता.