रात्री दोन वाजता चावी कुणाकडे असते?

वृद्धाश्रम बघायला गेलेला माणूस आधी जेवणाचं विचारतो, मग डॉक्टर कधी येतात ते, मग डिपॉझिट. आत्यासाठी मी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जागा पालथ्या घातल्या, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, रात्री माणसं किती? एका ठिकाणी उत्तर आलं, "दोन मावश्या, आणि खाली वॉचमन." वर वीसेक आजी-आजोबा, त्यातले पाच-सहा अंथरुणाला खिळलेले. वॉचमन गेटवर. म्हणजे आग लागलीच तर उचलायला चार हात.

माझी सगळी नोकरी वायरिंगच्या कामात झाली. त्यामुळे कुठेही गेलो की नजर भिंतीवरच्या तसबिरींआधी डीबी, म्हणजे खोल्याखोल्यांना वीज वाटणारी पेटी, शोधते. याच जागेत ती चादरींच्या कपाटात सापडली. वर घड्या घातलेल्या चादरी, खाली फिनेल, मधोमध एमसीबीचे स्विच. मॅनेजरबाईंना वाटलं, मी कपडे धुण्याची सोय बघतोय.

स्कॉटलंडमधल्या रोझपार्क केअर होममध्ये 31 जानेवारी 2004 च्या पहाटे आग लागली, ती अशाच, डीबी असलेल्या कपाटात. 14 वृद्ध गेले. ज्वाळा फार लांब पोचल्याच नव्हत्या. बऱ्याच खोल्यांची दारं उघडी होती आणि धूर आत शिरला. आपल्या भांडुपला मार्च 2021 मध्ये मॉलमधली आग वरच्या हॉस्पिटलला भोवली, तिथेही धुरानंच घात केला.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. त्यानुसार बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, लायसन्सवाल्या एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो. 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता तर वृद्धाश्रमाला हॉस्पिटलच्याच गटात, संस्थात्मक इमारतींत धरते. पण मी पाहिलेल्या जागा म्हणजे कुणाचा जुना बंगला, नाहीतर सोसायटीत भिंत पाडून एक केलेले दोन फ्लॅट. फॉर्म बी मागितला की "ऑफिसात आहे, साहेब नाहीत". एका ठिकाणी मात्र लगेच काढून दाखवला, तारीखही ताजी. त्याच मजल्यावर जिन्याचं फायर डोअर पाण्याचा जार लावून उघडं ठेवलेलं. का, तर हवा खेळते! धूर अडवायला बसवलेलं दार ते, ते आपोआप लावून घेणारा क्लोजर बिचारा जारावर ढकलून ढकलून वाकलेला.

हे दार एवढं महत्त्वाचं का? ऐंशीच्या माणसाला धुरात जिना उतरवता येत नाही, आणि आगीत लिफ्ट वापरायची नसते. म्हणून अशा जागी सगळ्यांना एकदम खाली न्यायच्या मागे लागत नाहीत. आधी त्याच मजल्यावर, बंद होणाऱ्या दारापलीकडच्या सुरक्षित भागात हलवायचं, गरज पडली तर पुढे. न उठणाऱ्याला गादीसकट किंवा चादरीवरून ओढत. पण पलीकडे असा भाग हवा, आणि मावश्यांनी ते एकदा तरी करून पाहिलेलं हवं. "मॉक ड्रिल करता का?" या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी मला चहा मिळाला.

सगळ्यात अवघड गोष्ट कुलपाची. विसराळू झालेले आजोबा रात्री उठून रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून ग्रिलला कुलूप लावतात. त्यात आश्रमवाल्यांना दोष देणार नाही. एखादे आजोबा पहाटे हायवेवर सापडले तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो. पण चावी ऑफिसातल्या खिळ्याला आणि ऑफिस रात्री बंद, याला काय म्हणावं? अलार्म वाजला किंवा वीज गेली की आपोआप सुटणारी चुंबकी कुलपं मिळतात. तेवढा खर्च नको असेल तर निदान ड्युटीवरच्या प्रत्येक मावशीच्या कमरेला एकेक चावी.

आत्या आता आहे तिथे चावी कमरेला असते. डीबीसमोर काही ठेवत नाहीत. शेजारच्या खोलीतल्या आजींना ऑक्सिजनचं मशीन आहे, म्हणून त्या खोलीत निरांजन लावू देत नाहीत. देवाला बॅटरीचा दिवा. त्यावर आजी रुसल्या होत्या म्हणे. रात्री सगळ्या खोल्यांची दारं लोटून घेतात, आणि त्यावर आमच्या आत्याची तक्रार कायम आहे: पलीकडच्या खोलीतली मालिका ऐकू येत नाही.