पटकथा हिंदीत, गाणी मराठीत

"भाऊ, हिंदी गाणी काहून नाही लिहीत? पैसा तर तिकडेच आहे न!" नागपुरातली नवी पोरं मला हे हमखास विचारतात. विचारणं बरोबरच आहे. मी पटकथा हिंदीत लिहितो आणि गाणी मराठीत किंवा झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीत. संवादांचं काम मात्र नागपूरच्या हिंदीतलं किंवा वऱ्हाडीतलं असेल तरच घेतो. मुंबईतला एक निर्माता याला 'अर्धवट दुकान' म्हणाला होता. मला ते नीट मांडलेलं दुकान वाटतं.

आमच्या शहराचा एक गोड गैरसमज आहे. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी इथं एकाच ओट्यावर बसून गप्पा मारतात, म्हणून दोन्ही भाषा आपल्याला फुकटात येतात असं प्रत्येकाला वाटतं. बोलता येतात, खरं आहे. माझे वडील पवनीकडचे, त्यामुळे घरात झाडीबोली, गल्लीत हिंदी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. पण बोलता येणं वेगळं आणि त्या भाषेत गाणं सुचणं वेगळं. मुक्तिबोध बंधूंचंच बघा. घरची भाषा मराठी. थोरले गजानन माधव हिंदीचे कवी झाले, नागपुरात आकाशवाणीत नोकरी केली, 'नया खून' साप्ताहिकात राबले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि याच शहरात प्राध्यापकी केली. एकाच घरातल्या दोघांनी कविता कोणत्या भाषेत करायची ते आपापलं ठरवलं.

पटकथेला भाषेची एवढी अडचण नसते. कोण कधी खोलीत येतं, कुणाला काय ठाऊक आहे, प्रेक्षकाला ते कधी कळतं, हा सगळा रचनेचा खेळ. म्हणून तर 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा गदिमांची, पण गाणी हिंदी गीतकार भरत व्यासांची. गदिमांसारखा गीतकार घरात असताना! 1983 च्या 'अर्धसत्य'मध्ये पटकथा तेंडुलकरांची आणि हिंदी संवाद वसंत देवांचे. त्यात कुणाची नामुष्की झाली नाही. उलट मला ही फार शहाणी वाटणी वाटते. हल्ली बजेटच्या नावाखाली सगळं एकाच माणसाच्या गळ्यात टाकतात, आणि मग सिनेमातला गोंदियाचा हवालदार दिल्लीच्या बातम्यांसारखा बोलतो. "निकल न बे यहाँ से" म्हणणारा माणूस "कृपया आप यहाँ से जाइए" म्हणायला लागला की माझा त्या पात्रावरचा विश्वासच उडतो.

गाणं तर संवादाहूनही हट्टी. मी ते शिकलो झाडीपट्टीत. दिवाळीनंतर धान निघालं की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत नाटकं सुरू होतात. बहुतेक कंपन्यांचा कारभार गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून चालतो. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं, मध्ये गाणी. थंडीत घोंगडं पांघरून बसलेल्या माणसाला ओळ पहिल्या फटक्यात कळली पाहिजे, कारण नाटकातलं गाणं काही मागे सरकवून पुन्हा ऐकता येत नाही. कळली नाही तर तो शेजाऱ्याशी बोलायला लागतो. एवढा रोखठोक संपादक मला आजवर दुसरीकडे भेटलेला नाही. एका कंपनीच्या पेटीवाल्यानं माझी जडशी ओळ तालमीतच कापली होती. "हे गाताना तोंडात खडा येते, सर," एवढंच कारण दिलं. दुसऱ्या दिवशी नवी ओळ दिली, ती त्यानं वाचून न दाखवता थेट वाजवूनच बघितली.

आता संगीतकार व्हॉट्सॲपवर चाल पाठवतो, तिच्यात 'ला ला ला' किंवा काहीतरी अगम्य डमी शब्द असतात. त्यावर मराठी बसवताना मला आत्याची भुलाबाईची गाणी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, वारीतले अभंग आपसूक आठवतात. कुठे स्वर लांबवायचा, कुठे शब्द तोडायचा, हे कान सांगतो. हिंदी माझ्याकडे आली ती विविध भारतीतून. सोहर, कजरी, बिरहा ही तिकडची लोकगीतं माझ्या घरात कुणी गायली नाहीत. त्यामुळे हिंदीत मुखडा लिहायला बसलो की बाहेर येतात ती दुसऱ्यांचीच ऐकलेली गाणी, थोडे शब्द बदलून. ते विकलं जातं, हेही मला माहीत आहे.

राहिला पैशाचा मुद्दा. मराठी गाण्याचं मानधन कमी, हे कबूल. पण पोरांनो, करार वाचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. थिएटरात सिनेमासोबत गाणं वाजतं ते सोडून बाकी वापरावर हिस्सा मिळायला हवा. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं आपल्या नावावर नोंदवा. पटकथा कुणालाही ऐकवण्याआधी ती स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवा. नॅरेशन देऊन आल्यावर दोन वर्षांनी आपलाच सीन पडद्यावर बघणारे लेखक मी ओळखतो.

सध्या एका हिंदी पटकथेवर काम चाललंय. गोष्ट बिहारहून नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात आलेल्या एका कुटुंबाची. मध्यंतराआधी आई गाते. तिथं मी फक्त 'गाणं' असं लिहून जागा रिकामी ठेवली आणि भोजपुरीत लिहिणाऱ्या एका कवीचं नाव सुचवलं. निर्माता म्हणाला, तुम्हीच लिहून टाका, पैसे वाचतील. मी नाही म्हटलं. शेवटी त्यांनी त्या कवीला फोन केला, तर गड्याचं एका गाण्याचं मानधन माझ्या मराठी गाण्याच्या दुप्पट निघालं. घरी बायको तेव्हापासून भोजपुरीचा क्लास लावा म्हणून मागे लागली आहे.