स्पॅनिशमधले मे, से, लो, ले: माझा अनुभव

स्पॅनिशची ए-वन लेव्हल, म्हणजे अगदी पहिली पायरी, बहुतेकांची मजेत पार पडते, मग मे, ते, से, लो, ला, ले असे मला, तुला, त्याला या अर्थाचे इवले इवले शब्द एकामागे एक यायला लागतात आणि गाडी अडते, माझी पण तिथेच अडली होती. पुस्तकं इंग्रजीतून, समजावणं इंग्रजीतून, त्यामुळे 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे उलटी वाक्यरचना असं सांगतात. अहो उलटी कुठे, मला कॉफी आवडते, सरळ आपलंच वाक्य आहे! अनेकवचनातही तेच, 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात, क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, माझ्या नाही. हे दिसल्यावर मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि प्रत्येक नियम मराठीशी लावून बघायला लागले.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रिफ्लेक्झिव्हला, म्हणजे करणाऱ्याची क्रिया स्वतःवरच होते अशा क्रियापदांना. मराठीत झोपणं मूळ आणि झोपवणं त्यावरून झालेलं, बसणं-बसवणं, उठणं-उठवणं तसंच. स्पॅनिश बरोबर दुसऱ्या टोकाकडून येतं, तिथे आकोस्तार म्हणजे झोपवणं हे मूळ आणि स्वतः झोपायचं तर त्याला से जोडायचं, आकोस्तार्से. 'आकुएस्तो आल निन्यो', बाळाला झोपवते, 'मे आकुएस्तो', मी झोपते. सेन्तार बसवणं, सेन्तार्से बसणं. बान्यार अंघोळ घालणं, बान्यार्से अंघोळ करणं. मी वहीत अशा जोड्याच लिहून काढल्या आणि स्वतः, स्वतःला असं भाषांतर करणं पूर्ण बंद केलं, कारण आपण कुठे म्हणतो मी स्वतःला बसवते म्हणून.

पण प्रत्येक से असा नसतो. दोर्मीर झोपणं, पण 'मे दोर्मी' म्हणजे मला झोप लागली. इर जाणं, इर्से निघणं. आणि 'मे कोमी तोदा ला तोर्तिया', म्हणजे अख्खं ऑम्लेट खाऊन टाकलं, हे 'खाऊन टाकणं' इंग्रजीतून कुणाला नीट सांगता येत नाही, मराठी माणसाला लगेच कळतं. माझं सगळ्यात लाडकं म्हणजे 'से मे कायो एल बासो', माझ्या हातून ग्लास पडला, मी पाडला नाही, पडला.

लो आणि ले मध्ये मात्र मराठी मदत करत नाही. त्याला पाहिलं आणि त्याला पुस्तक दिलं, आपल्याकडे दोन्हीकडे त्याला. स्पॅनिशमध्ये पहिलं 'लो बी', दुसरं 'ले दी एल लिब्रो'. मी क्रियापदाला विचारायचे, दिलं काय? पुस्तक. मग त्याला म्हणजे ले. पाहिलं कुणाला? त्यालाच, मग लो. त्यात स्पेनमधले बरेच लोक पुरुषाबद्दल बोलताना 'ले बी' म्हणतात, आणि एकवचनी पुरुषासाठी ते स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणाऱ्या रिआल आकादेमिआ या संस्थेलाही मान्य आहे, त्यामुळे सिरीयल बघताना हे कानावर आलं तर घाबरू नका.

आता 'त्याला ते दिलं' म्हणायचं तर ले लो दी नाही चालत, 'से लो दी'. हा से रिफ्लेक्झिव्हचा नव्हेच, जुन्या स्पॅनिशमध्ये इथे झे लो असा काहीसा उच्चार होता, तो बदलत बदलत से लो झाला. हे वाचल्यावर माझ्या डोक्यातले दोन से वेगळे झाले आणि खूप हलकं वाटलं.

हे शब्द वाक्यात कुठे ठेवायचे, तो जागेचा नियम पाठ करून येत नाही, तोंडात बसवावा लागतो. 'दामेलो', मला ते दे, आज्ञेत सगळं मागे चिकटतं, पण नकार आला की क्रियापदाच्या आधी, 'नो मे लो देस', मला ते देऊ नको. 'लो बोय आ कोम्प्रार' आणि 'बोय आ कोम्प्रार्लो', मी ते विकत घेणार आहे, दोन्ही बरोबर. मी स्वयंपाक करताना हातात येईल त्या वस्तूवर मोठ्याने ही वाक्यं म्हणायचे, मीठ दे, देऊ नको, मी आणणार आहे, स्पॅनिशमध्ये मीठ स्त्रीलिंगी म्हणून ला, तेल पुल्लिंगी म्हणून लो. सध्या 'ले दी एल लिब्रो आ मी एर्माना', मी माझ्या बहिणीला पुस्तक दिलं, यावर आहे, बहीण वाक्यात असूनही ले लागतोच, त्याची सवय चालू आहे.