शातोनफचा किल्ला, चुना आणि आठ शोककरी

शनिवार, रात्री. दीजों

आज आईला फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातलं शातोनफ दाखवून आणलं. पॅरिसकडून दक्षिणेला जाणाऱ्या ए-सिक्स महामार्गावरून जाताना डोंगराच्या सोंडेवरचा हा किल्ला दर वेळी दिसायचा आणि 'पुढच्या खेपेला थांबू' म्हणत दर वेळी राहून जायचा. दीजोंहून मोटारीने पाऊण तासाच्या आत पोचलो. चढ संपला की गाव एकदम समोरच येतं.

गाव केवढं, तर शंभरसुद्धा वस्ती नाही. पण एके काळी इथे पैसा खेळत होता, हे घरं बघूनच कळतं. चौदाव्या ते सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची ही घरं. कुणाच्या दारावर कोरीव कमान, कुणाच्या भिंतीला चिकटून जिन्याचा गोल मनोरा. जुन्या बाजाराची छपरी अजून उभी आहे. गावाच्या टोकाला खाली बर्गंडीचा कालवा दिसतो. तो पुढे पुयी गावाजवळ ३,३३३ मीटर लांबीच्या बोगद्यातून डोंगराच्या पोटातून जातो. आईला आकडा ऐकून मजा वाटली. मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम जुळवलाय.

किल्ल्याचा चौकोनी बुरूज बाराव्या शतकातला. बाकीचा थाट पंधराव्या शतकातला, आणि तो ज्याच्या हाती आला त्यामागे एक खून आहे. घराण्याची शेवटची वारस कातरीन हिने आपल्या दुसऱ्या नवऱ्याला विष घातलं. १४५६ मध्ये तिला जिवंत जाळलं, मालमत्ता जप्त झाली आणि पुढच्याच वर्षी बर्गंडीचा सत्ताधीश, ड्यूक फिलीप, याने हा किल्ला आपल्या मर्जीतल्या सरदाराला, फिलीप पोला, देऊन टाकला. आईने विचारलं, "आणि तो नवरा कसा होता, ते कुठे लिहिलंय का?" पाटीवर ते नव्हतं.

खंदकावरच्या पुलावरून आत गेलो तर समोर परांची. १९३६ मध्ये शेवटच्या मालकाने, काउंट द व्होग्युएने, किल्ला सरकारला दिला. २००८ मध्ये तो बर्गंडी प्रांताच्या ताब्यात आला आणि दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चालू आहे. शनिवार असल्याने कामगार नव्हते, पण चुन्याच्या गोणी, चाळलेली वाळू आणि क्रमांक घातलेले दगड तसेच ठेवलेले होते. इथे मी बराच वेळ रेंगाळले. जुन्या दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या की भिंत वरून घट्ट दिसते, पण आतली ओल बाहेर पडत नाही. थंडीत ती गोठते, फुगते आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. चुना मऊ असतो, ओल बाहेर सोडतो, आणि झिजायचंच असेल तर दगडाआधी स्वतः झिजतो. आपल्याकडे किल्ल्यांच्या कामात पुन्हा चुन्याचा घाणा फिरवतात तो याचसाठी. काही ठिकाणी सिमेंटची डागडुजी झाली होती ती आता पैसे खर्चून उकरावी लागते, हेही दोन्हीकडे सारखंच.

आईचा आक्षेप वेगळाच होता. "एवढं करतायत, मग ती पडकी बाजू तशीच का ठेवलीय? छप्पर घालून टाकायचं." अंगणाच्या कडेला खरंच एक बिनछपराची इमारत आहे, खिडक्यांच्या कोरीव चौकटींतून सरळ आभाळ दिसतं. मी म्हटलं, "अगं, आत काय होतं ते माहीत नसताना बांधायचं म्हणजे आपल्या मनातला किल्ला बांधायचा." तिला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. पाऊस आत पडतच असतो आणि भिंतीच्या माथ्यावर निदान चुन्याचा थर तरी नियमाने द्यावा लागतो. पण एकोणिसाव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंदीच्या गावाच्या बुरुजांवर स्लेटच्या निमुळत्या टोप्या चढल्या, त्यावरून अजून वाद चालू आहे. त्यापेक्षा हे मोकळं आभाळ बरं.

फिलीप पोच्या प्रार्थनागृहात मात्र दोघी गप्प झालो. लाल-काळ्या रंगातली चित्रं, ख्रिस्त आणि त्याचे शिष्य, जागोजागी विरलेली. विरलेलं विरलेलंच ठेवलंय आणि ते बरोबर आहे. मधोमध त्याच्या समाधीची प्रतिकृती आहे: चिलखत घातलेला पो शिळेवर आडवा, आणि ती शिळा खांद्यावर पेलणारे काळ्या झग्यातले आठ शोककरी, टोप्या इतक्या पुढे ओढलेल्या की चेहरे दिसतच नाहीत. गंमत म्हणजे ही समाधी त्याने जिवंतपणीच करवून घेतली. तो गेला १४९३ मध्ये. माणूस संधिसाधू होता यात शंका नाही. बर्गंडीचा शेवटचा ड्यूक १४७७ मध्ये लढाईत पडल्यावर हा फ्रान्सच्या राजाकडे गेला आणि तिथेही मोठ्या पदावर चढला. आणि याच माणसाने १४८४ मध्ये तूर शहरात भरलेल्या फ्रान्सच्या प्रतिनिधीसभेत उभं राहून सांगितलं की राजे मुळात लोकांनी निवडले आणि राज्य लोकांचं आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तीनशे वर्षं आधी! अशा माणसाबद्दल काय मत करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मूळ समाधी सीतोच्या मठात होती, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आईला खरे आठ जण बघायचेत. मंगळवारी लूव्र बंद असतं, तेव्हा बुधवारची तिकिटं काढलीत.