आधाच मदरसा

रविवार, रात्र.

आज भाच्याला घेऊन बिदरला जाऊन आलो. उदगीरहून सकाळची एसटी. त्याला किल्ला बघायचा होता, मला महमूद गवानचा मदरसा.

दर्शनी भिंत निम्मी उभी, निम्मी गायब. दोन मिनारांपैकी एकच उरलाय. त्याच्यावर रंगीत फरश्यांची नागमोडी नक्षी, तीही जागोजाग गळालेली. भाचा म्हणाला, "मामू, ये आधाच कैसा?" (आमच्या दखनीतला हा 'च' मराठीकडून आलेला.)

गवान मूळचा इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहमनी सुलतानांचा वजीर झाला. १४७२ च्या सुमारास ही तीन मजली इमारत उभी केली. पोरांना राहायच्या खोल्या, वर्ग, मशीद, ग्रंथालय. तिथे तीन हजार हस्तलिखितं होती म्हणतात. १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाने त्याचं डोकं उडवलं. पुढे औरंगजेबाच्या काळात इथे फौजेची दारू साठवली होती, तिचा स्फोट झाला. किताबांच्या जागी बारूद! दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

कारण लहानपणी आम्ही ऐकली ती गोष्ट बरोब्बर उलटी. बद्रची लढाई, सन ६२४. पैगंबरांच्या मुसलमानांनी मक्केच्या फौजेला हरवलं. मक्केचे कैदी मदिनेत आणले. ज्यांच्याकडे सुटकेसाठी पैसे नव्हते पण लिहिता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवायचं आणि घरी जायचं. जुम्म्याच्या बयानात 'इक्रा' ('वाच', कुरआनचा पहिला उतरलेला शब्द) नेहमी येतं, यायलाच हवं, पण मला ही गोष्ट जास्त जवळची. शिकवणारे मुसलमान नव्हते. कालपरवा तलवार उपसून समोर उभे होते.

आमची दादी अंगठा उठवायची. कुरआन मात्र नाजरा पढलेली. अर्थ कळत नसे, अक्षरावर बोट सरकत जायचं. कागदावर पाय पडला की तो उचलून डोळ्यांना लावायची. मराठी पेपरचा तुकडासुद्धा. "काय लिहिलंय कुणास ठाऊक," म्हणायची. आम्ही हसायचो. तिनेच अब्बांना डी.एड.ला पाठवलं, हातातल्या पाटल्या मोडून.

भाचा एका खोलीत मांडी घालून बसला, जणू सबक घ्यायला. पाच मिनिटं गप्प. एवढा वेळ तो घरीही बसत नाही.

परतीच्या बसमध्ये आठवलं, उद्या त्याची गणिताची चाचणी आहे. आपाला, म्हणजे त्याच्या आईला, अजून सांगितलेलं नाही.